नैनीतालचा काठ कुठवर?

नैनीतालबद्दल जे लिहिले-बोलले जाते, त्यातले बहुतेक तळ्याभोवतीच्या साडेतीन किलोमीटरांच्या फेरीत मावते. मॉल रोड, होड्या, नैनादेवीचे देऊळ, संध्याकाळी पाण्यात उतरणारे दिवे. काळजी वाहिली जाते तीही त्याच फेरीपुरती: पातळी किती उतरली, काठावर कचरा किती साचला, मे महिन्यात गाड्यांची रांग कुठवर गेली. 2011 च्या जनगणनेनुसार अवघ्या 41,377 वस्तीचे हे गाव. पण ते जिल्ह्याचे ठिकाण आहे, उत्तराखंडाचे उच्च न्यायालय तिथे आहे आणि हंगामात वस्तीच्या कितीतरी पट माणसे तिथे येतात. 1841 पासून आजवर या गावावर आलेली संकटे एकापुढे एक मांडली, तर दिसते ते असे की त्यांतले जवळजवळ एकही काठावर सुरू झालेले नाही. दरडी, गाळ, सांडपाणी, पूर, पाण्याची टंचाई हे सगळे वरून आले. तेव्हा नैनीतालचा काठ पाण्याशी संपतो ही समजूतच तपासायला हवी. तो काठ सभोवारच्या डोंगरांच्या धारेपर्यंत जातो, आणि हे गावाने कधी ओळखले, कधी विसरले, याचाच तिथला इतिहास झाला आहे.

आधी जागा पाहू. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,940 मीटर उंचीवर डोंगरांनी वेढलेली एक खोलगट वाटी आहे. उत्तरेला 2,600 मीटरहून उंच नैना पीक, ज्याला पूर्वी चीना पीक म्हणत, पूर्वेकडे शेर-का-डांडा, पश्चिमेकडे अयारपाटा. वाटीच्या तळाशी काजूगराच्या आकाराचे तळे: लांबी दीड किलोमीटरच्या आत, रुंदी अर्ध्या किलोमीटरहून कमी, सर्वांत खोल जागी सुमारे 27 मीटर. हे तळे हिमनदीने कोरले की दरडीने अडवले, यावर एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांत वाद झाले. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या एका भ्रंशावर ते बसले आहे, हे आता सर्वमान्य आहे. या भ्रंशाच्या दोन्ही अंगांचा खडक सारखा नाही. शेर-का-डांडाकडे पाटीचा, ठिसूळ, थराथराने सुटणारा दगड. अयारपाट्याकडे भेगाळलेला चुनखडक आणि डोलोमाईट. पूर्वेच्या उतारात पाणी शिरले की दगड घसरतो. पश्चिमेच्या उतारात शिरले की भेगांतून खाली मुरते आणि झऱ्यांनी बाहेर येते. तळ्याचे क्षेत्र अर्ध्या चौरस किलोमीटरहून थोडे कमी, तर त्यात पाणी उतरवणारे पाणलोट क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एक गुंठा पाण्यामागे सुमारे दहा गुंठे उतार. बारमाही नदी एकही येऊन मिळत नाही. पावसाळ्यात नाल्यांनी येते ते आणि एरवी जमिनीखालून झिरपते ते, एवढीच या तळ्याची कमाई. वस्तीची नावेही उतारावरूनच पडली आहेत. कुमाऊंनीत वरचे ते मल्ली, खालचे ते तल्ली. म्हणून तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल आणि खालच्या टोकाला तल्लीताल. तल्लीतालच्या दरवाजांपाशी, ज्या जागेला लोक डांठ म्हणतात तिथे, जास्तीचे पाणी बलिया नाल्यात सोडतात आणि ते पुढे गौला नदीला मिळते.

या जागेचा शोध शाहजहांपूरच्या बॅरन नावाच्या साखर-व्यापाऱ्याने 1841 मध्ये लावला, असे पाठ्यपुस्तकी वाक्य आहे. ते खरे नाही. स्कंदपुराणाच्या मानसखंडात हे तळे त्रिऋषिसरोवर म्हणून येते. अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींशी ते जोडले आहे. सतीचा डोळा इथे पडला अशी श्रद्धा असल्याने हे देवीचे स्थानही होते. आसपासच्या गावांचे लोक जत्रेला येत, गुरे चारायला येत. तळे होते, देव होता, जत्रा होती. वस्ती तेवढी नव्हती. पावित्र्य राखण्यासाठी म्हणा किंवा आणखी कशासाठी, पण उतार मोकळे राहिले होते. बॅरनने आणलेली नवी गोष्ट म्हणजे इथे घरे बांधायची कल्पना. या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या स्थानिक प्रमुखाला होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेले आणि बुडण्याची भीती घालून त्याच्याकडून हक्कसोड लिहून घेतली, ही हकीकत बॅरननेच फुशारकीने सांगितलेली आहे. तिखटमीठ वगळले तरी व्यवहाराचे स्वरूप त्यातून कळते. त्यानंतरचा वेग चकित करणारा आहे. 1845 मध्ये नगरपालिका, पुढच्याच वर्षी सेंट जॉन चर्चचा पाया, 1857 च्या उठावात रोहिलखंडातल्या गोऱ्यांचा आसरा, आणि 1862 पासून वायव्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठाणे. जिथे माणसे राहत नव्हती तिथे वीस वर्षांत राजधानी उभी राहिली. बंगले बसले ते सपाटी कोरून, झाडे तोडून, उताराच्या अंगावर.

उताराने पहिली सूचना 1860 च्या दशकात दिली. शेर-का-डांडाकडच्या आल्मा टेकडीच्या बाजूला दरड आली. ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. मोठी दरड 18 सप्टेंबर 1880 ची, शनिवारची. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. तीन दिवसांचा मिळून 33 इंच, म्हणजे 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि त्यातला मोठा हिस्सा शेवटच्या चाळीस तासांतला. सकाळी शेर-का-डांडाच्या पायथ्याशी एक लहान दरड व्हिक्टोरिया हॉटेलच्या एका भागावर आली. अडकलेल्यांना काढायला सैनिक, मजूर, अधिकारी जमले. दुपारी दीडच्या सुमारास वरचा सगळा कडा सुटला आणि हॉटेल, दुकान, सभागृह, देऊळ यांना घेऊन काही क्षणांत तळ्यापर्यंत पोचला. 151 माणसे गेली. 108 भारतीय, 43 गोरे. मेलेल्यांत मदतीला धावलेलेही होते. मल्लीतालचे आजचे ‘फ्लॅट्स’ नावाचे मैदान, जिथे क्रिकेट-हॉकीचे सामने होतात आणि पर्यटक चाट खातात, ते या दरडीच्या राडारोड्याने वाढलेले आहे. देऊळ नंतर काठावर पुन्हा बांधले. गावाची एकमेव सपाट जागा गावाच्या सर्वांत मोठ्या अपघाताने रुंदावली, हे लक्षात ठेवले तर काठ आणि माथा वेगळे मानता येत नाहीत.

1880 नंतरची वीस-पंचवीस वर्षे या कहाणीतला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. पाऊस जास्त पडला म्हणून दरड आली, एवढ्यावर त्या काळच्या अभियंत्यांनी समाधान मानले नाही. पाणी उतारात शिरले आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, हे कारण त्यांनी धरले. मग डोंगरांच्या अंगावर दगडी बांधणीच्या नाल्यांचे जाळे घातले गेले. मोठ्या नाल्यांना पोटनाले जोडले आणि नाल्यांना क्रमांक दिले. माथ्यावरचे पाणी जमिनीत न शिरता थेट तळ्यात उतरावे, असा त्यामागचा हिशेब. भूशास्त्र खात्याच्या मिडलमिस यांनी 1890 मध्ये, हॉलंड यांनी 1897 मध्ये या डोंगरांच्या रचनेवर लिहिले. कुठल्या उतारावर बांधू नये, कुठे झाड तोडू नये, याचे नियम झाले. सर्वांत बोलका पुरावा खुद्द लाटसाहेबांच्या घराचा. ते शेर-का-डांडाच्या अंगावर होते. 1895 च्या सुमारास भिंतींना तडे गेल्यावर ते सोडून देण्यात आले आणि नवे घर तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, टणक खडकावर बांधले गेले. त्याचा आराखडा मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे करणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. आजचे राजभवन ते हेच. सामान्य घरमालकांनीही हाच धडा घेतला. जिम कॉर्बेट यांच्या कुटुंबाचे घर आल्मा टेकडीवर होते. दरडीनंतर त्यांनी ते सोडले आणि समोरच्या अयारपाट्यावर ‘गर्नी हाउस’ बांधले. लाटसाहेबांपासून साध्या घरमालकापर्यंत सगळ्यांना कोणता डोंगर आपला आणि कोणता परका, हे त्या काळी ठाऊक होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ही मांडणी ‘साहेबांच्या काळी सगळे नीट होते’ या जुन्या हळहळीकडे झुकते का? तसे झुकायला आधार नाही. मोकळ्या उतारांवर राजधानी लादली ती साहेबांनीच. पहिली सूचना दुर्लक्षिली तीही त्यांनीच. नियम आले ते 151 मृत्यूंनंतर आणि त्यांचा लाभ बंगल्यांना आधी झाला. बाजारात दाटीने राहणारे हमाल, कारागीर, नोकर यांची घरे कुठे असावीत हा प्रश्न कुणी त्याच गांभीर्याने घेतला नाही. 1898 मध्ये बलिया नाल्याच्या बाजूची दरड आली, तेव्हा गेलेल्या 28 जणांत 27 भारतीय होते. शिवाय नाल्यांच्या त्या उपायालाही खोट होती. पाणी वेगाने तळ्यात आणणारा नाला गाळही वेगाने आणतो. उतार वाचवण्याची किंमत तळ्याने भरली. तेव्हा अनुकरण करायचे ते त्या राजवटीचे नाही. घर बांधण्याआधी उताराला विचारायचे, ही जी पद्धत त्या अपघाताने लावली तेवढीच तिच्यातून उचलायची. ती पद्धत कुणाच्या मालकीची नाही. पुढच्यांनाही ती वापरता आली असती.

तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर मैदानी मुलखातला मध्यमवर्ग थंड हवेसाठी इथे येऊ लागला, ही चांगलीच गोष्ट होती. 2000 मध्ये उत्तराखंड राज्य झाले आणि उच्च न्यायालय इथे आले. वकील, कार्यालये, हॉटेले, भाड्याच्या खोल्या यांची मागणी वाढली आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांत मजले चढले. नाल्यांवर स्लॅब पडले, नाल्यांत बांधकामाचा राडारोडा पडला. पण सर्वांत महागात पडला तो सूखातालचा विसर. तळ्याच्या वायव्येला, त्याच्याहून उंचावर, पावसाळ्यात भरणारा आणि उरलेले महिने कोरडा दिसणारा हा खोलगा. पावसाळ्यात इथे साचलेले पाणी भेगाळ चुनखडकातून हळूहळू खाली सरकते आणि महिन्यांनी नैनी तळ्याला मिळते. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या अभ्यासात जमिनीखालून तळ्यात येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा, जवळजवळ निम्मा, सूखातालच्या बाजूने येतो असे दिसले. मात्र वर्षातले बरेच दिवस कोरडी दिसणारी जमीन शहराच्या नजरेला रिकामी वाटते. तिथे घरे आली, गाड्या उभ्या राहू लागल्या, पाडकामाची माती पडू लागली. पुढे तिचे सुशोभीकरण करून बारमाही पाणी दिसेल असे तळे बनवण्याचा घाट घातला गेला. ते बांधकाम उच्च न्यायालयाने 2022 मध्ये थांबवले. मुरणारे पाणी अडवून दिसणारे पाणी करण्याचा हा बेत पाहिला, तर काठाची नजर माथ्याचे काय करते ते कळते.

याचे परिणाम तल्लीतालच्या पट्टीवर उमटले. तळ्याची पातळी तिथे फुटांत मोजतात. त्या पट्टीवरचे शून्य ही तळे आटल्याची खूण नव्हे. नेहमीच्या पातळीखाली पाणी गेल्याची ती खूण आहे. पण 2016 आणि 2017 च्या उन्हाळ्यांत पाणी शून्याच्याही बरेच खाली गेले. नाल्यांच्या तोंडाशी गाळाचे त्रिकोण उघडे पडले आणि त्यांवरून लोक चालू लागले. गावाचे पिण्याचे पाणी याच तळ्यातले, काठाशी खणलेल्या नलकूपांतून मातीने गाळून उपसलेले. ते तासांच्या हिशेबाने सोडण्याची वेळ आली. 2017 मध्ये तळ्याची जबाबदारी सार्वजनिक बांधकाम खात्याकडून सिंचन खात्याकडे गेली. सोडायचे किती, उपसायचे किती, यावर काटेकोर लक्ष आले आणि त्याचा उपयोगही झाला. पण ही सगळी खर्चाच्या बाजूची शिस्त. जमेची बाजू सूखातालला आणि उतारांवर आहे. तिथला खातेदार कोण, हे कुणी ठरवलेले नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. हिवाळ्यातल्या पावसाची आणि बर्फाची आता खात्री राहिलेली नाही. मग उतारांवरच्या घरांना दोष कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच स्पष्टीकरण आहे. टंचाईच्या त्या उन्हाळ्यांनंतर चार-पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये, तीन दिवसांच्या पावसात हेच तळे ओसंडून वाहिले. पाणी मॉल रोडवर आणि देवळाच्या आवारात शिरले, रस्ते तुटून गाव काही काळ बाहेरच्या जगापासून अलग पडले. केवळ पाऊस कमी झाला असता तर हे दिसले नसते. छपरे, फरसबंदी आणि डांबर यांनी झाकलेला उतार पाणी धरून ठेवत नाही. पावसाच्या दिवशी सगळे एकदम देतो, मेमध्ये काही देत नाही. पूर आणि टंचाई ही एकाच बिघाडाची दोन तोंडे आहेत. शिवाय पाऊस लहरी होत चालला असेल, तर पाणी मुरवून ठेवणाऱ्या जागांची किंमत वाढते. हवामानाचा मुद्दा उताराच्या मुद्द्याला बळकटीच देतो.

तिसरा आक्षेप पाण्याच्या गुणवत्तेच्या बाजूने घेता येतो, कारण तिथे काठावरच्या उपायाला खरोखर यश आले आहे. हे तळे वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वरखाली घुसळले जाते. बाकीचे महिने तळाचे पाणी तसेच राहते आणि वरून आलेला मैला व कुजकट तिथल्या प्राणवायूचा फडशा पाडतात. पूर्वी हिवाळी घुसळणीत ते मेलेले पाणी वर आले की मासे मरून तरंगत. तळ्याच्या संवर्धनाची योजना आली आणि 2007 पासून तळाशी हवा सोडण्याची यंत्रणा बसवली गेली; पाणी निश्चितच सुधारले. मग माथ्यापर्यंत जायची गरज काय? गरज अशी की ही यंत्रणा रोज चालवावी लागते, आणि चालवावी लागते ती वरून येणारे थांबलेले नाही म्हणून. मुसळधार पावसात गटारे तुंबून आजही नाल्यांना मिळतात. रोग्याला प्राणवायूची नळी लावून बरे वाटते हे खरे, पण म्हणून कुणी नळीला आरोग्य म्हणत नाही.

चौथा आक्षेप पोटाचा आहे आणि तो सर्वांत जड. या गावाला शेती नाही, कारखाना नाही. पर्यटक आणि कचेऱ्या हेच उत्पन्न. बांधकाम आवरा म्हणणे नावाड्याच्या, रिक्षावाल्याच्या, खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या ताटात हात घालणे नाही का? उत्तर शोधायला नुकसान कुणाचे झाले ते पाहावे. बलिया नाल्याचा कडा वर्षानुवर्षे ढासळतो आहे आणि तिथली कुटुंबे घरे सोडून हलवावी लागली आहेत. ती श्रीमंतांची घरे नव्हेत. ऑगस्ट 2018 मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात गेला, म्हणजे व्यापाराचा कणाच खचला. मॉल रोड काठावर दिसतो खरा, पण तो शेर-का-डांडाच्या सरकत्या उताराचा पायथा आहे. पाण्याची टंचाईही नेमकी मे-जूनमध्ये येते, गल्ला भरायच्या दिवसांत. सुरक्षित उतार आणि पोट यांत इथे निवड करायची नाही. उतार गेला की पोटही जाते, आणि गरिबाचे आधी जाते. उच्च न्यायालय हल्द्वानीकडे हलवण्याचा विषय काही वर्षे चर्चेत आहे. त्याने भार हलका होईल. पण सुटलेल्या जागेत हॉटेले उभी राहिली, तर उताराच्या दृष्टीने भाडेकरू बदलला एवढेच.

नियमांची उणीव कधीच नव्हती. इतिहासकार अजय रावत यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांडपाणी रोखण्याचे, बहुमजली संकुले न होऊ देण्याचे, मॉल रोडवरून जड वाहने हटवण्याचे निर्देश दिले होते. मॉल रोडचा निर्देश डोळ्यांसमोर होता, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. माथ्याकडचे निर्देश पाळले जातात की नाही, हे पाहायला पर्यटक जात नाही आणि निवडून आलेला क्वचितच जातो. म्हणून क्रम उलटा करावा लागेल. आधी सूखातालचा खोलगा मोकळा करून कोरड्या महिन्यांतही तो रिकामा राखणे, मग नाले उघडे आणि वाहते ठेवणे, मग शेर-का-डांडावर नवे बांधकाम पूर्ण थांबवणे, आणि पैसा उरलाच तर काठाचे दिवे आणि कठडे. गावाची प्रकृती जोखायची पट्टीही तल्लीतालहून वर न्यावी लागेल. पाऊस थांबल्यावर सूखातालात पाणी किती दिवस टिकते आणि ते कुठे जाते, याची नोंद सप्टेंबरात नीट ठेवली, तर पुढच्या मे महिन्यात डांठच्या पट्टीवर काय दिसणार आहे ते आठ महिने आधीच कळेल.